न थांबलेली गाडी

बाबांनी रुग्णवाहिकेला साफ नकार दिला. "भोंगा वाजवत जायला मी काय आग विझवायला निघालोय का?" असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग धाकटीने स्वतःचीच जुनी गाडी हॉस्पिटलच्या दाराशी आणून लावली. डॉक्टरांनी हात टेकले होते. हृदय थकलं होतं, आता घरी न्या आणि जवळ बसा, एवढंच त्यांचं सांगणं होतं. निघताना नर्सने मात्र धाकटीला बाजूला घेऊन बजावलं, "उकाडा त्यांना सोसणार नाही. गाडी गार ठेवा. एकदा धाप लागली तर आवरायची नाही."

बाहेर ऊन असं, की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा. धाकटीने बाबांना पुढच्या सीटवर टेकवलं, सीट मागे झुकवली, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर त्यांच्या पायाशी नीट बसवला. थोरली बहीण घरी पलंग लावून वाट बघत होती. धाकटी रोज शाळेची व्हॅन चालवायची, गाडी चालवणं तिच्या डाव्या हातचा मळ.

पहिल्याच सिग्नलला घोटाळा लक्षात आला. गाडी थांबली आणि एसीतून गरम हवा यायला लागली. सुटली, तशी पुन्हा गार. पुढच्या सिग्नललाही तेच. तिने ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला.

"एसी गार ठेवणारा पुढचा पंखा बंद पडलाय," तो म्हणाला. "गाडी पळते तेव्हा समोरचं वारं ते काम करतं. थांबली की संपलं. त्यात हे असलं ऊन. घेऊन या, संध्याकाळपर्यंत बदलून देतो."

"संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ नाही हो. बाबा आहेत गाडीत."

"मग गाडी थांबवू नका. पळवत राहा."

हायवेला लागल्यावर गाडी छान गार झाली. बाबांच्या चेहऱ्यावर थोडी टवटवी आली. "तुझ्या आईला गाडी शिकवायची राहिली," ते म्हणाले. "बरंच झालं म्हणा. तिने मला डिकीत बसवलं असतं." धाकटी हसली. कितीतरी दिवसांनी ते असं काहीतरी बोलले होते.

मग थोडा दम घेऊन ते म्हणाले, "पंपघर आलं की जरा थांब."

नदीकाठच्या त्या पंपघरात बाबांची सगळी नोकरी गेली होती. शहराचं पाणी तिथून चढायचं. आई होती तेव्हा, शाळेच्या सुट्टीच्या दिवशी ती दोघी मुलींना घेऊन डबा द्यायला जायची, आणि पंपांच्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं, म्हणून घरी आल्यावरही सगळे तासभर तसंच बोलायचे.

"बाबा, थांबलं की एसी गरम होतो."

"दोन मिनिटं गं. मला उतरायचं नाही. नुसती काच खाली कर. आवाज ऐकतो."

धाकटीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. नखं निळसर दिसत होती. "नंतर येऊ," ती म्हणाली. "ऊन उतरलं की मी तुम्हाला घेऊन येते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नंतर येणं होणार नाही हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे तिलाही कळत होतं.

"बरं," ते म्हणाले.

पंपघर आलं. रस्त्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर. धाकटीने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला नाही. बाबांनी मान वळवली, जितकी वळत होती तितकी, आणि ते छप्पर दिसेनासं होईपर्यंत तशीच ठेवली. ती समोर बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तर रस्ता कसा दिसणार, म्हणून तिने ओठ घट्ट आवळून धरले.

घराच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं, आणि ते बंद होतं. पुढे मागे ट्रक. गरम हवा तोंडावर आदळायला लागली. काचा खाली केल्या तर बाहेरून भट्टीची धग आत आली. बाबांना धाप लागली. धाकटीने सिलिंडरची चावी आणखी उघडली, बाटलीतलं पाणी ओढणीवर ओतून त्यांच्या मानेवर, छातीवर ठेवलं, पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. मालगाडी काही संपता संपेना. बाबांनी चाचपडत तिचं मनगट धरलं.

"तुझं... बरोबर होतं, पोरी," ते म्हणाले. "तिथे थांबलो असतो... तर तिथेच..."

"बोलू नका, बाबा."

फाटक उघडलं. तिने गाडी अशी हाणली की समोरून येणारा एक जण शिव्या देऊनच गेला.

बाबा घरी पोचले. स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या उशीवर. थोरलीने भरवलेले दोन घोट पाणी प्यायले, शेजारच्या काकांना ओळखलं. दिवेलागणीला त्यांचा श्वास हळूहळू विरत गेला. दोघी मुली दोन्ही बाजूंना होत्या.

माणसं यायच्या आधी थोरलीने विचारलं, "वाटेत काही म्हणाले का?"

धाकटीने सांगितलं. पंपघराचंही सांगितलं.

"अगं, दोन मिनिटं थांबायचं होतंस!" थोरली एकदम बोलून गेली. मग पदराने तोंड दाबून रडली. थोड्या वेळाने उठून ती धाकटीजवळ येऊन बसली. "चुकले मी. मी असते तरी थांबले नसते."

"पण तू नव्हतीस ना, ताई," धाकटी म्हणाली. "मी होते."

थोरलीने धाकटीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. तेवढ्यात शेजारचे काका दारात येऊन हळूच विचारू लागले, खुर्च्या अंगणात मांडू की आत. दोघींकडे एकदा बघून त्यांनी आपणहूनच त्या अंगणात मांडायला घेतल्या.