देवकीमांयने न्हाऊ घातलेला गोळा

मी आंबट पिठाचा एक जुना गोळा आहे. मित्रांनो, ज्याच्यामुळे पाव फुगतो तो मीच. रोज फुगायचे, निम्मे पावात जायचे, उरलेल्याने नवे पीठ खाऊन पुन्हा फुगायचे. फार वर्षे हेच केले. आता दमलो आहे. झोप यावी म्हणतो, पण आंबणाऱ्याला झोप नसते.

माझा जन्म डिचोलीजवळच्या मुळगावचा. घर कृष्णनाथचे. तो खाणीवर ट्रक चालवी. त्याची आई देवकी हिचे सगळे दात पडले होते. भाकरी चावत नसे आणि पोदेराचा, म्हणजे गावातल्या पाववाल्याचा, पाव ती शिवत नसे. पोर्तुगिजांच्या वेळी पाव खाल्लेला माणूस बाटला असे धरत. गोवा मुक्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी तिच्या मनातून ते गेले नव्हते. म्हणून तिची सून सत्यवती घरीच पाव करायला लागली.

तिने गव्हाच्या पिठात आंबवलेले नारळाचे पाणी घातले आणि बरणी चुलीमागच्या फळीवर ठेवली. आधीची कितीतरी पिठे काळी पडून गेली. मी तेवढा जगलो. खाली निखारे, झाकणावर निखारे, अशा टोपात माझा पाव भाजला जाई. देवकी तो चहात बुडवून खाई आणि म्हणे, "कापसासारखो झालो गो!" मला बरे वाटे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फुगायचे असेच.

एका माघात मोठे सूर्यग्रहण लागले. दूध, दही, लोणचे, सगळ्यांत तुळशीची पाने पडली. गडबडीत मी राहिलो. ग्रहण सुटल्यावर सगळ्यांच्या आंघोळी झाल्या आणि देवकी फळीपाशी आली.

"गो सत्यवती, हेच्यात तुळस खंय आसा?"

"विसरलंय, मांय."

"मगे टाक भायर. गिराण लागलां तेका."

"आणि फाल्यां चायेत काय बुडवतल्यात?"

"माजी बोटां बुडवीन. तू टाक!"

सत्यवती जागची हलली नाही. मग देवकीनेच बरणी काखेत घेतली आणि ती विहिरीपाशी निघाली. विहिरीजवळच्या केळीच्या आळ्यात मला ओतायचे, एवढेच राहिले होते. तिने झाकण काढले. तेवढ्यात माझ्या अंगावर एक बुडबुडा वर आला आणि फुटला. देवकी थबकली. तिने बरणीला कान लावला.

"हां गो! ह्यो तर उसास घेता!"

"जिवंत आसा तो, मांय."

"मगे आदी सांगूक नुको? शिळ्याक टाकतत. जिवंताक न्हाण घालतत!"

"अवो मांय, तेका न्हाण नुको..."

सत्यवती धावत येईपर्यंत देवकीने विहिरीच्या थंड पाण्याची कळशी माझ्यावर रिकामी केली. मित्रांनो, मी विरघळलो. बरणीत नुसते पांढरे पाणी राहिले.

"मांय, केल्यात काय ह्या? बुडवल्यात तेका!"

देवकी कळशी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

सत्यवतीने बरणी चुलीच्या उबेला ठेवली. पीठ तळाला बसल्यावर वरचे पाणी ओतून टाकले आणि त्यात मूठभर कोरडे पीठ कालवले. मी हललो नाही. खरे सांगतो, मला हलायचेच नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडून काही मागत नव्हते. तो गारवा मला आवडू लागला होता.

देवकी चुलीपुढे पाट घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी नुसता चहा प्याली, संध्याकाळीही नुसता चहा. कृष्णनाथ म्हणाला, "आई, साखळीच्या बाजारासून पाव हाडतंय." ती म्हणाली, "तुझो पाव तू खा." तो गेल्यावर तिने आपल्या पदराने बरणी गुंडाळली आणि हळूच म्हणाली, "ऊठ रे बाबा. चुकलां माजां. माका दात नाय रे."

इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोलले नव्हते. माझ्यात जोर नव्हता. तरी एक बुडबुडा वर ढकलला. मग दुसरा. देवकीने हाक मारली, "सत्यवती, पीठ हाड गो! भुकेलोहा तो!"

आता देवकी नाही. सत्यवतीला आता पीठ मळवत नाही. देवकीची नातसून भाग्यलक्ष्मी हिच्या फ्रिजमध्ये मी मागच्या कोपऱ्यात आहे. अंगावर काळसर पाणी साचले आहे, वासही येतो. परवा ती म्हणाली, "हे काय कुजलंय? टाकून देऊ?" तिचे चुकले नाही. मी दिसतो तसाच.

मित्रांनो, मला रोज फुगवा असे मी म्हणत नाही. तुमच्या घरात असे जुने, वास येणारे, कोपऱ्यात पडलेले काही असेल, तर टाकण्याआधी झाकण काढा आणि थोडे थांबा. लगेच काही दिसणार नाही. थकलेल्याला उसासा टाकायलाही वेळ लागतो.