मागच्या रांगेपर्यंत न पोहोचलेला माईक

मी एक माईक आहे, मित्रांनो. जुना, वायरवाला, डोक्यावरच्या जाळीला एका बाजूने पोचा पडलेला. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही मला पाहिलंही असेल. तुमच्यापैकी कोणीतरी "हॅलो, हॅलो" करत माझ्यावर फुंकर मारली असेल. कृपा करून मारू नका. फुंकरीने आम्हाला काही होत नाही, थुंकी मात्र जाळीत राहते, आणि तुमच्यानंतर जो मुलगा बोलायला येतो त्याच्या तोंडाशी ती जाते.

माझ्या पोटात कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा आहे. कोणी बोललं की तो थरथरतो. ती थरथर वायरीतून स्पीकरकडे जाते आणि मोठी होऊन बाहेर पडते. माझं काम एवढंच. खरं काय, खोटं काय, ते ओळखायची सोय माझ्यात कारखान्यानेच ठेवलेली नाही.

मकसूदभाईंनी मला तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून विकत आणलं. स्वारगेटच्या मागे त्यांचं साउंडचं छोटं दुकान आहे, वर घर. पहिल्या दिवशी त्यांनी मला घरात लावून पाहिलं तेव्हा त्यांची बायको हुस्नबानू म्हणाली, "चला, आता तरी या घरात माझं कोणाला ऐकू येईल."

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. बारशी, लग्नं, गणपतीच्या आरत्या, मार्केट यार्डातल्या हमालांच्या सभा, व्याख्यानमाला. मला माणसं चेहऱ्याने आठवत नाहीत, हाताने आठवतात. नवरदेवाचे मामा मला धरून कधी सोडत नसत. व्याख्याते मला बोटांच्या टोकांनी धरत, जणू मी गरम आहे. आणि कविता म्हणायला आलेली लहान मुलं मला दोन्ही हातांनी घट्ट धरत. ती मला सगळ्यात आवडत.

निवडणूक आली की मला उसंत नसे. स्टेजच्या मागे मोठा फलक असे आणि त्याच्या खाली लिहिलेलं असे, 'सौजन्य', आणि पुढे एखाद्या कंपनीचं नाव. असंच गणपतीच्या देखाव्यावर, असंच दिवाळीच्या आकाशकंदिलावर. मला वाटायचं, किती भली माणसं आहेत! पुढे पुढे एक गोष्ट लक्षात येऊ लागली. ज्याचं नाव त्या फलकावर, तो पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसायचा. निवडून आलेले माननीय भाषण संपवून खाली उतरले की आधी त्याच्याकडे जायचे. मत देणारी माणसं मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर असायची. त्यांना माननीय लांबून हात हलवायचे.

काही वर्षांनी मकसूदभाईंच्या मुलाने, कामरानने, बिनवायरचे चकचकीत माईक आणले. मी पत्र्याच्या पेटीत गेलो. वर वायरींची भेंडोळी, शेजारी एक बिघडलेला कर्णा. झाकण उघडलं की वाटायचं, आज आपण. पण हात दुसरीकडेच जायचा.

आणि एके दिवशी दुकानात एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. नाव सलिल. तो एका मोठ्या कंपनीकडून आला होता. तिचं नाव मी घेत नाही.

"हडपसरला सुनावणी आहे," तो म्हणाला. "स्टेजवर बिनवायरचे दोन द्या. पब्लिकसाठी एखादा जुना दिला तरी चालेल. आणि भाई, मी घड्याळाकडे पाहिलं की पब्लिकचा आवाज हळूच खाली घ्यायचा. काम नीट झालं तर वर्षभराचे आमचे सगळे कार्यक्रम तुमचे."

मकसूदभाईंनी मान डोलावली. पेटी उघडली. या वेळी हात माझ्याकडे आला.

सुनावणी म्हणजे काय, ते सांगतो. शहराच्या नकाशात मोकळ्या जागांवर आधीच लिहून ठेवलेलं असतं, इथे शाळा, इथे दवाखाना, इथे मुलांचं मैदान. ते खोडून दुसरं काही लिहायचं असेल तर सरकारला आधी तिथल्या लोकांना विचारावं लागतं. लोक बोलतात, अधिकारी ऐकतात आणि लिहून घेतात. हडपसरच्या टोकाला कालव्याजवळ एक मैदान होतं, त्याच्या कोपऱ्यात दवाखान्यासाठी जागा राखलेली. कंपनीला तिथे मालाचं गोदाम हवं होतं. कालव्याजवळच्या वसाहतीला उरलेली मोकळी जागा तेवढीच होती.

सुनावणी त्याच मैदानावर होती. विचारणार सरकार होतं, पण मंडप कंपनीचा, खुर्च्या कंपनीच्या, चहा-बिस्किटं कंपनीची. अधिकारी बाईंच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीवरसुद्धा कंपनीचं नाव. कार्यालयाकडे व्यवस्थेला पैसे नव्हते म्हणे, म्हणून कंपनीने सौजन्य दाखवलं. शेजारी त्या भागातून निवडून आलेले माननीय बसले होते. त्यांच्या मंडळाचा गणपतीचा देखावाही गेली काही वर्षं त्याच सौजन्याने होत होता. सुनावणी सुरू झाल्यापासून ते मोबाईलमध्येच पाहत होते.

पुढच्या सगळ्या रांगांत बसमधून आणलेली माणसं होती, डोक्यावर एकसारख्या पांढऱ्या टोप्या. सलिलने मला हातात धरलं आणि एकेकाच्या तोंडापुढे केलं.

"कंपनी आली म्हणजे विकास येईल."

"छान! पुढे?"

"कंपनी आली म्हणजे विकास येईल."

एकजण मात्र "कंपनी आली म्हणजे" म्हणून थांबला. पुढचं आठवेना. सलिलने वाकून त्याच्या कानात सांगितलं, "विकास, काका, विकास." मी मध्येच होतो. ती कुजबुज माझ्यातून सगळ्या मंडपाला ऐकू गेली. मागून हशा उठला.

मागे वसाहतीतली माणसं होती. बायका जास्त, कारण दुपारची वेळ. मांडीवर मुलं, हात वर केलेले. कोणाचे हात दुखून खाली येत, पुन्हा वर जात. सलिल त्यांच्या दिशेने निघाला, थोडा चालला आणि थांबला. माझी वायर ताठ झाली होती.

"सॉरी हं, वायर तिथपर्यंत पोहोचत नाही. तुम्ही तुमचा मुद्दा लेखी द्या ना."

तेव्हा सुशीलाबाई उठल्या. निवृत्त शिक्षिका, वसाहतीतल्या सगळ्यांच्या ओळखीच्या. माईक नसला तरी त्यांचं काही अडत नव्हतं.

"अहो, चहा बरोबर पोहोचला शेवटच्या रांगेपर्यंत. माईकच तेवढा दमला का?"

पुन्हा हसू आलं लोकांना. पण हसण्याने नोंद होत नाही. अधिकारी बाईंच्या शेजारी बसलेला लेखनिक मागचं काही लिहीत नव्हता. मला फार वाईट वाटत होतं. आणखी थोड्या वेळात सुनावणी संपणार, आणि कागदावर एकच वाक्य राहणार, कंपनी आली म्हणजे विकास येईल.

मग एक तरुण बाई उठली. नम्रता तिचं नाव. इतका वेळ तिने मुलाची, अर्णवची, कॉलर मागून धरून ठेवली होती, तो मंडपाच्या दोऱ्यांकडे पळू नये म्हणून. ती त्याला घेऊन सरळ पुढे आली आणि अधिकारी बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. सुशीलाबाईही आल्या. सगळ्याजणी मुलांसकट सतरंजीवर बसल्या.

"ताई, इथे बसता येणार नाही," सलिल म्हणाला.

"का बरं?" नम्रता म्हणाली. "मैदान आहे हे. अजून तरी."

"बरं, बोला. मी माईक धरतो."

"मुलाला घास भरवते मी. मला कोणी भरवायची गरज नाही. द्या इकडे."

सलिलने अधिकारी बाईंकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली. आणि मी नम्रताच्या हातात आलो.

काय सांगू, मित्रांनो! थंडगार हात, घामाने ओला. तिने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. पहिलं वाक्य तिच्या तोंडातून निघेचना. तिचा श्वास तेवढा सगळीकडे ऐकू येत होता. मला वाटलं, आता ही मला खाली ठेवणार.

"मॅडम," ती म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे मैदान दिसतं. पोळ्या करता करता मी याच्याकडे बघत असते. मोकळ्या मैदानात मूल लांबूनही दिसतं. ट्रकच्या मागे उभं असलेलं मूल ड्रायव्हरला जवळूनही दिसत नाही. गोदाम झालं की आमच्या गल्लीतून दिवसभर ट्रक जाणार. मुलं खेळायची थोडीच थांबणार आहेत? ती रस्त्यावर खेळतील."

सलिलने घड्याळाकडे पाहिलं. मकसूदभाईंचा हात मिक्सरच्या बटणावर होता. मला तो तिथून दिसत होता.

"आणि मॅडम, मला एक विचारायचंय. तुम्ही आमचं ऐकायला आलात ना? मग मंडप यांचा, चहा यांचा, माईक यांचा, असं कसं? ज्यांच्याविरुद्ध आम्हाला बोलायचंय, त्यांच्याकडेच आम्ही बोलायला माईक मागायचा?"

सलिलने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग सरळ मकसूदभाईंकडे. आवाज खाली आला नाही. तो मिक्सरपाशी गेला.

"भाई, काय करताय?"

"बटण अडकलंय, साहेब."

"आत्ताच?"

"जुना मिक्सर आहे. अडकतो कधीकधी."

मिक्सर नवाकोरा होता. कामरानने दिवाळीत घेतला होता.

अधिकारी बाई हे सगळं पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "साउंडवाले, तुम्हाला कोणी बोलावलं इथे?"

"कंपनीने, मॅडम."

समोरची पाण्याची बाटली बाजूला सारून बाईंनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. सुनावणीची सर्व व्यवस्था अर्जदार कंपनीने केल्याचे आढळले. मागे बसलेल्या नागरिकांना बोलण्याची संधी मिळाली नाही. सुनावणी पुन्हा घेण्यात येईल, शाळेच्या सभागृहात, कार्यालयाच्या खर्चाने. चहा नसेल."

"चालेल," सुशीलाबाई म्हणाल्या. "चहा आम्ही घरून पिऊन येऊ."

मंडप उतरवताना सलिल मकसूदभाईंपाशी आला. रागावला नव्हता, दमलेला दिसत होता. "वर्षभराचं काम गेलं तुमचं, भाई."

"लग्नसराई आहे ना, साहेब," मकसूदभाई म्हणाले आणि माझी वायर हाताच्या कोपराभोवती गुंडाळू लागले.

दुसऱ्या सुनावणीला कार्यालयाने मकसूदभाईंनाच बोलावलं. त्यांनी वायरीला जोड दिला होता. या वेळी मी रांगेरांगेतून फिरलो. धम्मदीप नावाचा मुलगा उठून म्हणाला, की मला नोकरी हवी आहे, गोदाम आलेलं मला चालेल. त्यालाही सगळ्यांइतकाच वेळ मिळाला, आणि कोणी त्याला हुसकावलं नाही. "नोकरी हवीच रे बाळा," सुशीलाबाई म्हणाल्या, "पण गोदामाला कारखान्यांच्या भागात जागा आहे. मैदानाला दुसरीकडे कुठेच नाही." तोही विचारात पडला. सलिलही बोलला, माईक हातात घेऊन, आपली पाळी आल्यावर.

मग निकालाची वाट. मी पेटीत. दुकानात कोणी बाईमाणूस आलं की मी कान टवकारायचो. उन्हाळा गेला, गणपती आले आणि गेले. शेवटी एका सकाळी नम्रताचा आवाज ऐकू आला, धापा टाकत.

"भाई, राहिलं! मैदान राहिलं. दवाखान्याची जागाही राहिली. कंपनीचा अर्ज फेटाळला." आणि ती स्टुलावर बसली. हुस्नबानूंनी तिला पाणी दिलं. तिने ते एका दमात संपवलं, पुन्हा मागितलं, आणि मग रडायलाच लागली. हुस्नबानू म्हणाल्या, "अगं, जिंकलीस ना? मग हे काय?"

"इतके दिवस रडायला वेळ कुठे होता?"

आठवड्याभरात चौकात मोठा फलक लागला, 'मैदान वाचवल्याबद्दल माननीयांचे हार्दिक अभिनंदन'. सुशीलाबाईंनी तो थांबून वाचला म्हणे. "बरं झालं कळलं," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटत होतं, आम्हीच वाचवलं."

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही सभांना जाल, मतं द्याल. माझी एवढीच विनंती आहे. जिथे तुम्हाला बोलायला बोलावतील तिथे आधी विचारा, हा मंडप कोणी घातला, माईक कोणाचा आहे. उत्तर मिळालं नाही तर मोठ्याने विचारा. आणि बोलायची पाळी आली की माईक आपल्या हातात घ्या. हात कापला तर कापू द्या. कापऱ्या हाताने मी पडलेलो नाही कधी.

काल त्या मैदानावर मुलांच्या शर्यती होत्या. वसाहतीने वर्गणी काढून मला बोलावलं होतं. बक्षिसं झाली, खाऊ झाला, ऊन उतरलं. नम्रताने मला हातात घेतलं आणि म्हणाली, "मुलांनो, अंधार पडायला आला. आता घरी चला."

एकही मूल वळलं नाही. अर्णव तर तिच्याकडे पाहून उलट्या दिशेने पळाला. तिने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने, आणि मग हसून मला खाली ठेवलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे इतकं दुर्लक्ष कोणी केलं नव्हतं, आणि इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.