संपल्याचा टोला

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. खरं सांगायचं तर रुळाचा तुकडा. लांबी दोन फूट, वजन सत्तावीस किलो आणि वरच्या टोकाला साखळी ओवण्यापुरतं एक भोक. आमच्या गावाला रेल्वे नाही, कधी नव्हतीच. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी अरुणावतीच्या काठावरचं हे गाव. नरडाणा स्टेशनाजवळ रूळ बदलले, तेव्हा गँगमननी मला कापून कडेला टाकलं होतं. गावात शाळा निघाली त्या साली सरपंच फत्तेसिंग आबांनी मला बैलगाडीत घालून आणलं आणि शाळा नि चावडी यांच्या मधल्या निंबाला टांगलं. आगगाड्या अंगावरून जाऊ देण्यात उमर गेली असती, तिथे पोरांच्या सुट्टीची वेळ सांगण्याची नोकरी लागली. मी तक्रार केली नाही.

शाळा भरताना दोन टोले, सुटताना तीन. आणि गावावर काही संकट आलं की लागोपाठ टोले. कपाशीच्या गंजीला आग लागली, नदीचं पाणी वर चढलं, की सरपंचाने मला बडवत सुटायचं. लागोपाठ टोले ऐकले की हातातलं काम टाकून सगळ्यांनी निंबाखाली यायचं आणि मग सरपंच म्हणेल ती पूर्व दिशा. कुणाचीही बैलगाडी, कुणाचाही दोर, कुणाचंही पाण्याचं इंजिन न विचारता घ्यायची मुभा असायची. आगीसमोर उभं राहून परवानगी कोण मागत बसणार? तेव्हा मला हे सगळं बरोबरच वाटायचं.

शाळेत तोताराम गुरुजी होते. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. रोज संध्याकाळी चावडीच्या पायरीवर बसून ते गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस देशात आणीबाणी लागली. राष्ट्रपतींची सही आधी झाली आणि मंत्रिमंडळाला सकाळी कळलं, हे गुरुजींनाही पुष्कळ नंतर समजलं. पण श्रावणातल्या एका संध्याकाळी त्यांच्या पेपरात एक चौकोन कोरा आला. गुरुजी वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "इथे काहीच छापलेलं नाही. का नाही, तेही सांगतो." आणि सरकारने ती बातमी छापू दिलेली नाही, हे त्यांनी सांगितलं.

दोन दिवसांनी शाळा सुटायच्या वेळेला पोलिसांची जीप आली. गुरुजींनी शिपायांना विचारलं, "सुट्टीचे टोले देऊन येऊ का?" शिपायांनी मान हलवली. गुरुजी माझ्यापाशी आले, नेहमीसारखे तीन टोले दिले, हातोडी निंबाच्या खोबणीत ठेवली आणि जीपमध्ये जाऊन बसले. पोरं आनंदाने ओरडत घरी पळाली. त्यांना काय ठाऊक.

गुरुजींची बायको सुंदरबाई तेव्हा चोवीस वर्षांची होती, कडेवर तान्हं पोर होतं. आठ दिवसांनी ती धुळ्याला जाऊन वकिलांना भेटून आली. उतरत्या उन्हात एस.टी.तून उतरली ती घरी न जाता थेट माझ्याखाली येऊन बसली. फत्तेसिंग आबा तिथेच होते.

"काय म्हने वकील?" आबांनी विचारलं.

"वकील म्हने, कोर्टमा इचारानं बी बंद शे," ती म्हणाली. "मानूसले कसाले धरं, हाई इचारानं बी आते बंद."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण ते शब्द आजही मला आठवतात. माणसाला पकडणं मी समजू शकतो, चुकीचं असलं तरी. पण का पकडलं हे विचारण्याचं दारही लावून घ्यायचं, हे काही मला समजलं नाही. एकोणीस महिने सुंदरबाई रोज संध्याकाळी फाट्याकडे बघत बसायची. निवडणूकही पुढे ढकलली गेली. हे कधी संपणार, याची तारीख कुणाकडेच नव्हती.

मग एका मार्चमध्ये संध्याकाळच्या गाडीतून गुरुजी उतरले. केस पिकलेले, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला. चालत आले आणि पहिल्यांदा माझ्यावर तळहात टेकवला. आणीबाणी लागली ती गावाला रेडिओने सांगितली होती. संपली ती मात्र गावाला गुरुजी चालत येताना दिसले म्हणून कळली. त्या दिवशी मला कुणी वाजवलं नाही. आनंदात राहून गेलं असेल. मला मात्र ते लागून राहिलं.

दोन-एक वर्षांनी गुरुजींनी माझ्याखाली उभं राहून गावाला एक बातमी वाचून दाखवली. राज्यघटनेत चव्वेचाळिसावी दुरुस्ती झाली होती. गुरुजी एकेक वाक्य वाचायचे आणि समजावून सांगायचे. यापुढे मंत्रिमंडळाने लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही. देशात नुसती गडबड आहे एवढं कारण पुरणार नाही, युद्ध, बाहेरचं आक्रमण किंवा सशस्त्र बंड असावं लागेल. एका महिन्याच्या आत संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने होकार द्यायला हवा, नाहीतर ती आपोआप संपेल. होकार मिळाला तरी दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं लागेल. लोकसभेने साध्या बहुमताने नको म्हटलं, तर राष्ट्रपतींना ती मागे घ्यावीच लागेल. आणि माणसाच्या जिवाचा नि मोकळेपणाचा हक्क, त्यासाठी कोर्टात जाण्याचा हक्क, कुठल्याही आणीबाणीत बंद करता येणार नाही. हे शेवटचं वाक्य गुरुजींनी दोनदा वाचलं. सुंदरबाईने पदर तोंडाला लावला.

मग फत्तेसिंग आबा उठले. सरपंच तेच, त्यामुळे माझे लागोपाठ टोले त्यांच्याच हातात.

"राष्ट्रपतीले महिना, मंग माले एक दिन," आबा म्हणाले. "मी काय राष्ट्रपतीपेक्षा मोठा शे का?"

लोक हसले, पण त्याच बैठकीत गावाचा नियम ठरला. लागोपाठ टोले जो देईल त्याने गाव जमेपर्यंत माझ्याखाली उभं राहायचं, हलायचं नाही. का वाजवलं ते सगळ्यांच्या देखत सांगायचं आणि शाळेच्या वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला की हुकूम संपला. वाढवायचा असेल तर पुन्हा माझ्याखाली यायचं आणि हात वर करून घ्यायचे. आणि कारण विचारण्याची कुणालाही, कधीही बंदी नाही.

हा नियम आबांनाच पहिल्यांदा नडला. पुराच्या वर्षी बांध घालायला त्यांनी सगळ्या गाड्या घेतल्या. दुसऱ्या संध्याकाळी आणखी दोन दिवस मागितले, तर वर झाले जेमतेम दहा-बारा हात. लोकांची पेरणी अडली होती. आबांनी तोंड वाकडं केलं, पण स्वतः जाऊन एकेक बैल सोडून दिला. तेव्हापासून मला त्यांच्या हातचा टोला जास्त आवडायला लागला.

काळ पुढे गेला. आबा गेले, मग गुरुजीही गेले. शाळेला विजेची घंटा आली. मला वाजवणं महिन्यातून एकदा, मग वर्षातून एकदा असं होत गेलं. निंबावरच्या चिमण्या माझ्यावर बसायच्या, तेवढीच सोबत. वही कुठल्याशा कपाटात गेली.

दोन वर्षांपूर्वी जगदीश सरपंच झाला. पोरगा चांगला, धावपळीचा, हात स्वच्छ. त्याने चावडीवर भोंगा बसवला. सायरन वाजतो, पाठोपाठ सूचना ऐकू येते आणि हे सगळं जगदीशच्या मोबाइलवरून चालतं. शेतात असो, शिरपुरात असो, बोट दाबलं की काम झालं. गावाला कौतुक वाटलं. माझं काम आवाज करण्याचं होतं आणि आवाज आता भोंगा करतो, असा सगळ्यांचा समज झाला. साखळी काढून मला शाळेच्या मागे, सुंदरबाईच्या कुंपणाला लागून टाकून दिलं. मित्रांनो, रूळ जमिनीवर पडला की वाजत नाही. कितीही हाणा, नुसता थप् असा आवाज येतो. वाजायला टांगलेलं असावं लागतं.

यंदा एप्रिलमध्ये गावच्या विहिरीवरची मोटर जळाली. सायरन वाजला. पाण्याची आणीबाणी, सगळ्या खासगी बोअर ग्रामपंचायतीच्या ताब्यात, पाणी फक्त गावच्या टाकीत. गरज खरीच होती. त्याच दुपारी सुंदरबाईच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप लागलं. म्हातारीचं बोअरच्या पाण्यावर विकण्यासाठी वाढवलेलं मिरचीचं रोप होतं, सहा वाफे. त्यावर तिचं वर्ष निघतं. पहिले दोन दिवस तिने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी घागरीने पाणी घालू लागली. सहाव्या दिवशी दोन वाफे गेले. नवी मोटर आज येईल, उद्या येईल, असं ऐकू यायचं. मग भोंग्यातून सूचना आली, आणीबाणी चालू असल्याने एक मेची ग्रामसभा पुढे ढकलली आहे. कधीपर्यंत, ते भोंग्याने सांगितलं नाही. आणि भोंग्याला विचारणार कसं?

आठव्या दिवशी संध्याकाळी सुंदरबाईची नात रोशनी माझ्या शेजारी कुंपणावर बसून परीक्षेचा धडा पाठ करत होती. "राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करू शकतात. राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करू शकतात."

"आन मंग?" म्हातारीने वाफ्यातून विचारलं.

"मंग काय आजी?"

"पुढे काही लिहेल नही का?"

रोशनीने पान उलटलं. "लिहेल शे ना. एका महिन्याच्या आत संसदेची मंजुरी आवश्यक असते..."

म्हातारी घागर खाली ठेवून उभी राहिली. बराच वेळ तिने माझ्याकडे पाहिलं. अंगावर माझ्या गंज होता आणि चिमण्यांची घाण.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिमन भंगारवाला तीनचाकी घेऊन आला. त्याने मला उचलायला हात घातला, तोच सुंदरबाई कुंपणाच्या फटीतून पुढे आली.

"अभिमन, गाडीमा नको टाकू. निंबले टांगी दे."

"अक्का, सरपंचनी सांगेल शे, भंगारमा देवानं."

"मी बी सांगस ना. आधी टांग. मंग तुले लागी तं ली जाय."

अभिमनने डोकं खाजवलं. पण म्हातारीने घरून बैलाचा दोर आणि गुरुजींची हातोडी आणली होती. सरपंच मोठा, पण अक्का त्याहून मोठी. त्याने मला दोराने निंबाला टांगलं. दोन वर्षांनी माझे पाय जमिनीवरून सुटले.

सुंदरबाईने दोन्ही हातांनी हातोडी धरली आणि हाणली. पहिला टोला गंजका निघाला, दुसरा बरा. तिसऱ्याला माझा आवाज मलाच ओळखू आला. ती थांबलीच नाही. शेतातून, ओट्यांवरून माणसं धावत आली. जुनी माणसं घाबरून आली, नवी नवल बघायला. मोटरसायकलवरून जगदीश आला.

"अक्का, काय व्हयनं? आग लागनी का?"

"आग नही लागनी," ती म्हणाली. धाप लागली होती, पण माझ्याखालून हलली नाही. "मी वाजाडं. मी आठे उभी शे. मनं कारन ऐका. मनी बोअर नऊ दिन पासून बंद शे. कधी उघडी, हाई माले कोनीच सांगं नही. आन इचारानी सभा बी बंद."

जगदीशचा चेहरा उतरला. "गावले पानी नव्हतं, अक्का. मी मना घरसाठे काय लिधं?"

"काहीच नही लिधं, भाऊ. तू चांगलाच शे. पन तू आठे उभा राहिना नही." तिने माझ्याखालची जमीन दाखवली. "एकोनीस महिना माले कोनी तारीख सांगं नही. आते नऊ दिन व्हयनात. आते तरी सांग."

जगदीश गाडीवरून उतरला. तो गुरुजींचाच विद्यार्थी, शेवटच्या वर्गातला. सावकाश चालत आला आणि माझ्याखाली, म्हातारीच्या शेजारी उभा राहिला. मोबाइल खिशात ठेवला. मोटर का जळाली, नवी का अडली, सगळं सांगितलं. मोटर परवा येणार, बसवायला एक दिवस. "माले तीन दिन पाहिजेत," तो म्हणाला. "तिसरा दिनले सूर्य मावळना का कुलूप काढसू. ग्रामसभा एक मेलेच व्हई. हात वर करा, नही तं आतेच काढस."

कुणीच हात वर करेना. सगळे एकमेकांकडे बघत होते. नऊ दिवसांचा राग होता.

पहिला हात सुंदरबाईचा वर झाला. हातोडी तशीच धरलेली.

"माले इचारं असतं, तं मी नही म्हनती का?" ती म्हणाली.

मग बाकीचे हात वर झाले. मोजावे लागले नाहीत. रोशनीने स्वतःच्या वहीचं मागचं पान फाडून कारण आणि तारीख लिहिली आणि जगदीशने सही केली. अभिमन मात्र रिकामी तीनचाकी घेऊन परत गेला.

तिसऱ्या दिवशी सूर्य सातपुड्यामागे गेला आणि जगदीश एकटाच निंबाखाली आला. कुलूप काढून आला होता, किल्ली हातात होती. त्याने हातोडी घेतली आणि मला एकच टोला दिला. लागोपाठ नाही, सुट्टीचा नाही. संपल्याचा. इतक्या वर्षांत संकट सुरू झाल्याचे किती टोले मी खाल्ले, पण संपल्याचा टोला मला कुणी दिला नव्हता. एकोणीसशे सत्त्याहत्तर सालच्या मार्चपासून माझ्या अंगात अडकून राहिलेलं काहीतरी त्या टोल्यासरशी सुटलं.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. मी लोखंड आहे, मला गंज लागायचाच. तुमच्या गावात, तुमच्या देशात संकटं येतील आणि कुणाला तरी जास्तीचा अधिकार द्यावा लागेल. द्या. मात्र द्यायच्या वेळी त्याला उघड्यावर उभं करा, कारण विचारा आणि संपायची तारीख आधी लिहून घ्या.

टोल्याचा आवाज अजून हवेत होता, तेवढ्यात कुंपणापलीकडे सुंदरबाईने स्टार्टर दाबला. उरलेल्या चार वाफ्यांत पाणी शिरायला लागलं.