ट्रंकेच्या झाकणाआतली बाई

मी एक व्यंगचित्र आहे. पूर्णगडच्या येसूबाईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, झाकणाला आतून चिकटलेलं. हसवणं हा माझ्या जातीचा धंदा, पण मला तो कधी जमला नाही.

एकाहत्तरच्या लढाईत मी एका वर्तमानपत्रात छापून आलो. माझ्यात एक नऊवारीतली बाई आहे. गळा मोकळा, हातावर मंगळसूत्र. समोर ढेरपोट्या पुढारी हात जोडून उभा, बोटाबोटांत अंगठ्या. खाली एक ओळ. मला काढणाऱ्याने येसूबाईला कधी पाहिलंही नव्हतं.

मी तिच्या घरी आलो तो साखरेच्या पुडीचा कागद होऊन. पुडी सोडली आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. त्याच आठवड्यात गावात संरक्षण निधीची सभा झाली होती. तिचा नवरा बाबू नौदलात, लढाईवर. अंगावर दुसरं सोनं नव्हतं, म्हणून तिने मंगळसूत्रच काढून दिलं आणि गळ्यात काळा दोरा बांधून घरी आली. पेपरात आपलंच चित्र आलं, असं तिला वाटलं. भाताची शितं चोळून तिने मला झाकणाला चिकटवलं.

बाबू परत आला नाही.

"जित्या घोवाचं डोरलं उतरलंस," सासू जनी म्हणाली, "तूच खाल्लंस माज्या बाबूला." गावानेही तेच धरलं. येसूबाईने कोणाला उलट उत्तर दिलं नाही. फार झालं की ट्रंक उघडायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "येवढा मोठा मानूस हात जोडतोय मला. मी वंगाळ कशी?" मला फार वाईट वाटायचं. माझा सगळा आवाज त्या खालच्या ओळीत होता आणि तिला अक्षरओळख नव्हती.

इतक्या वर्षांनी पुन्हा लढाईच्या बातम्या आल्या. भोंगे वाजले, दिवे मालवायचा सराव झाला. नात राहीने मेणबत्ती शोधायला ट्रंक उघडली आणि मोबाइलच्या उजेडात मला वाचलं.

"आजी, हा तुझ्या पाया पडत नाहीये गं. मागतोय. लिहिलंय, 'बाई, घरात अजून काय आहे?'"

येसूबाईने त्या ओळीकडे वाकून पाहिलं.

"म्हंजे तवाच कुनाला तरी कळलं व्हतं?"

"हो."

"मंग मला कुनी सांगितलं कसं नाय?"

"छापलं होतं, आजी."

म्हातारी पुढे सरकली. पुढाऱ्याच्या तोंडावर बोट ठेवून त्याला हळूच म्हणाली, "काय नाय ऱ्हायलं रे. व्हता तो एकच, तोपन दिला."

त्या दिवसापासून ती ट्रंक उघडत नाही. इथे अंधार आहे, खाऱ्या हवेने माझे कोपरे सुटू लागलेत. लढाया होत राहतील, माझ्यासारखी चित्रंही निघतील. काढणाऱ्यांनो, एवढंच करा. जिचं चित्र काढाल, तिला ते वाचून दाखवा.