रिकामा तराजू कुणी उचलून पाहिला नाही

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. लोखंडी दांडी, दोन पितळी पारडी, सहा साखळ्या आणि मधोमध एक बारीक काटा, एवढाच माझा संसार. आपली कहाणी सांगायला बसलेला जो तो आपली थोरवी सांगतो. माझीही थोरवी आहे, लोक ती अजून सांगतात. पण ती खोटी आहे, आणि हे फार वर्षं मला सोडून फक्त एका माणसाला ठाऊक होतं. म्हणून तुमच्याशी बोलताना माझी मान वर होत नाही.

धुळ्याच्या एका कारागिराने मला घडवलं. घासून पुसून झाल्यावर त्याने मला रिकामंच उचललं. काटा सरळ उभा राहिला, तेव्हा कुठे त्याने मला विकायला ठेवलं. अमळनेरजवळच्या एका खेड्यातल्या तोताराम आबांनी मला घेतलं. आबांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाइकाला तेल-मीठ द्यायला त्यांच्याकडे दुसरा लहान तराजू होता. माझं काम शेतकऱ्यांकडून उडीद, मूग, भुईमूग विकत घेण्याचं. डाव्या पारड्यात वजनं, उजव्या पारड्यात माल. काटा स्थिर होईपर्यंत आबा बोलत नसत. गाव म्हणायचं, "आबाना काटा म्हनजे देवना काटा!" तेव्हा ते खरं होतं हो. त्या दिवसांची आठवण आली की मला अजून बरं वाटतं.

मग आबांचे गुडघे दुखायला लागले आणि मी त्यांच्या मुलाच्या, प्रेमराजच्या हाती आलो. प्रेमराज एकोणीस वर्षांचा होता. त्याला गाण्यांचं वेड, आणि टेपरेकॉर्डर हवा होता. आबा काही घेऊन देईनात. एके दिवशी दुकानासमोर रस्त्याचं काम चाललं होतं. प्रेमराजने तिथून लिंबाएवढं डांबर आणलं आणि माझ्या डाव्या पारड्याच्या बुडाला चपटं थापून टाकलं. "एकाच हंगामापुरतं," तो स्वतःशीच पुटपुटला. टेपरेकॉर्डर आला, दुकानात गाणी वाजू लागली. पुढे दुकान सात वर्षं चाललं, डांबर मात्र कधी निघालंच नाही.

आता वजनांची बाजू मुळातच जड झाली. शेतकऱ्याला प्रत्येक मापाला मूठभर माल जास्त घालावा लागे. तुम्ही विचाराल, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मला जर कुणी रिकामं उचललं असतं, तर माझी मान डावीकडे पडलेली लगेच दिसली असती. पण मी जमिनीवर टेकलेलो असायचो, आणि दोन्हीकडे भरल्याशिवाय प्रेमराज मला उचलायचा नाही.

वनानाना आणि त्यांची बायको भिकुबाई आमच्याकडे नेहमी उडीद आणायचे. भिकुबाई घरून पायलीने, म्हणजे धान्याच्या मापाने, मोजून आणायची. माझ्यावर ते दर वेळी कमी भरायचं. पहिल्यांदा ती हळूच म्हणाली, "मी तर बरोबर मोजेल व्हतं." वनानाना सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसले, "तुले मोजता येस का? आबाना काटा खोटा बोली का?" दुकानातले लोक हसले. तिसऱ्या वर्षी नानांनी तिच्या हातातून पायलीच काढून घेतली. त्यानंतर त्या बाईने त्या घरात काही मोजलं नाही. मी तिथेच होतो. मला वाचा असती तर ओरडलो असतो, असं मी मनाला सांगतो. पण खरं सांगू का? लोक मला देवाचा काटा म्हणत होते, आणि ते ऐकायला मला आवडत होतं.

आबा गेले, दुकान बंद झालं. प्रेमराजला शाळेत शिक्षकाची नोकरी लागली आणि आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहायला आलो. मी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर. तिथे माझ्या अंगावर धूळ चढली, पाली फिरल्या. माझी हेळसांड झाली असं मी म्हणणार नाही. मला वाटायचं, हीच माझी जागा.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी रूपाने मला खाली काढलं. रूपा ही प्रेमराजसरांची मुलगी, कॉलेजात शिकते. त्या दिवशी तिच्या मित्रमंडळींचा बेत होता. युरोपातल्या देशांची गाण्यांची मोठी स्पर्धा असते, तिची अंतिम फेरी आदल्या रात्री झाली होती. आपल्याकडे ती अवेळी लागते, म्हणून सगळ्यांनी रविवारी टीव्हीवर बघायचं ठरवलं. निकाल आधी कळू नये म्हणून सर्वांचे मोबाइल डब्यात कोंडले होते. खालच्या मजल्यावरची अखिल आणि विधी ही भावंडं आली, त्यांचा मित्र हितेंद्र आला, आणि दिपमाला आली. दिपमाला म्हणजे वनानानांची नात. जळगावला खोली घेऊन शिकते. नाना आता नाहीत; आजी, म्हणजे भिकुबाई, गावीच असते.

त्या स्पर्धेत म्हणे प्रत्येक देश दुसऱ्यांना गुण देतो, स्वतःच्या गाण्याला देता येत नाहीत. या पोरांनी गुणांऐवजी शेंगदाणे घेतले. ज्याला जे गाणं आवडेल त्याच्या वाटीत दाणे टाकायचे. केळ्याचे वेफर्स खात, परक्या भाषेतल्या गाण्यांवर डोलत सकाळ मजेत गेली. एक बाई पिसांच्या झग्यात गात होती, तर हितेंद्र म्हणाला, "हिला उकडत कसं नाही?" पाहुणे देश आटोपले आणि घरची स्पर्धा सुरू झाली. ती मात्र गंमत नव्हती. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एकटीने गाण्यासाठी कॉलेजातून एकच नाव जाणार होतं. रूपा आणि दिपमाला, दोघीही गाणाऱ्या. तुम्हीच आपसात ठरवा, असं त्यांच्या बाईंनी सांगितलं होतं. त्यासाठीच मला खाली काढलं होतं. रूपाने माझी पारडी घासून लख्ख केली होती. वरून.

रूपा गोड गायली. मग दिपमालाने जात्यावरची एक अहिराणी ओवी घेतली, तिच्या आजीची. ती थांबली तेव्हा वेफर्सच्या पिशवीचासुद्धा आवाज येत नव्हता. अखिल, विधी आणि हितेंद्र यांनी पडद्याआड जाऊन दोन पिशव्यांत दाणे टाकले. कुणी कुणाला किती दिले ते गुप्त.

"पप्पा, तुम्ही तोला," रूपा म्हणाली. "आबांचा तराजू आहे."

सरांनी तिची पिशवी डाव्या पारड्यात ठेवली, दिपमालाची उजव्या, आणि मला उचललं. माझं डावं पारडं धाडकन खाली गेलं. सरांच्या मनगटाला तो जुना हिसका बसला. त्यांना सगळं आठवलं; त्यांची नजर थेट माझ्या पारड्याच्या बुडाकडे गेली. खरं सांगायला एकच शब्द पुरला असता. ते म्हणाले, "रूपा जिंकली."

दिपमालाचे डोळे भरले, पण ती हसली. "नाना म्हणायचे, आबांच्या काट्यानं सांगितलं म्हणजे झालं."

मित्रांनो, त्या क्षणी मला भंगारात जावंसं वाटलं.

अखिल पिशव्या उचलून दाणे खायला लागला. रूपाने आनंदाने मला खुंटीवर अडकवायला उचललं. रिकामं. आणि सगळ्यांसमोर माझी मान डावीकडे पडली.

"पप्पा, हा रिकामाच डावीकडे का जातो?"

"जुना झालाय बेटा. दांडी वाकली असेल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा राग आला. माझी दांडी आजही सरळ आहे. दिपमालाने पुढे होऊन माझं पारडं उलटं केलं आणि नखाने खरवडलं. "काका, हे डांबर आहे."

सरांनी ते पारडं तिच्या हातातून घेतलं. मग त्यांनी सांगितलं. टेपरेकॉर्डरपासून भिकुबाईच्या मापापर्यंत सगळं, मुलीच्या तोंडाकडे न बघता. "आणि मघाशीसुद्धा मला कळलं होतं. मी गप्प राहिलो."

रूपाचा चेहरा लालबुंद झाला. अखिलच्या तोंडात घास तसाच राहिला. तो म्हणाला, "मी तर दिपमालालाच जास्त दिले होते." विधी म्हणाली, "मी पण." हितेंद्रनेही होकारार्थी मान हलवली.

"मग मघाशी बोलला का नाहीत?" रूपाने विचारलं.

"वाटलं, बाकीच्यांनी तुला भरपूर दिले असतील," विधी म्हणाली. "तराजूच तसं सांगत होता ना."

रूपाने तिथल्या तिथे कागदावर दिपमालाचं नाव लिहिलं. दिपमालाने कागद घेतला, पण तिचं लक्ष नव्हतं. ती सरांना म्हणाली, "काका, आजीला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

पुढच्या रविवारी सरांनी मला पिशवीत घातलं आणि आम्ही एस.टी.ने गावी गेलो. सरांनी डांबर काढलं नव्हतं. भिकुबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. सरांनी तिच्या पाया पडून मला तिच्यापुढे ठेवलं, पारडं उलटं केलं. "अक्का, मी चोरी केली," ते म्हणाले. "माल परत देता येत नाही. तुम्ही म्हणाल ती शिक्षा द्या."

म्हातारीने डांबरावरून बोट फिरवलं. मालाचं नाव तिने काढलंच नाही.

"म्हनजे मनं माप बरोबर व्हतं," ती म्हणाली.

"हो अक्का, तुमचंच माप बरोबर होतं."

तिने घरात भिंतीवरच्या नानांच्या फोटोकडे पाहिलं. त्याच्याखाली फळीवर ती पायली उलटी पडली होती.

"आते त्यासले कोन सांगी?"

सरांनी तिथेच सुरीने डांबर खरवडून काढलं. आता मी तिच्याच ओट्यावर असतो. ती लसूण तोलते, शेंगा तोलते, आणि दर वेळी आधी मला रिकामं उचलून काट्याकडे बघते. तिची ती नजर माझ्यावर पडली की मला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं काही असेल, तर ते जपा, पुसा. पण पुसताना उलटं करूनही बघा. आणि कुणाला खोटं ठरवण्याआधी तराजू एकदा रिकामा उचला. भिकुबाईसाठी तो तेव्हा कुणीच उचलला नाही.