अंगचोर

यज्ञेशने वजन उतरवायचं मनावर घेतलं, तेव्हा पहिलं काम केलं ते म्हणजे टीव्हीसमोरचा सोफा मागे सरकवला. आठ दिवसांनी तो पुन्हा पुढे ओढला. दोन्ही वेळा त्याला धाप लागली, आणि त्याचे वडील हरिहर यांच्या मते सबंध तीन महिन्यांत झालेला खरा व्यायाम तेवढाच.

त्याचा शाळासोबती अयूब दुबईहून नाताळात मिरजोळ्याला आला होता. त्याच्याकडून यज्ञेशने ते खेळाचं यंत्र घेतलं. टीव्हीला जोडायचा पांढरा डबा, हातात धरायचा रिमोट आणि पायाखाली घ्यायची एक फळी. हरिहर तिला पाट म्हणत. रिमोट हलवला की पडद्यावरचा बाहुला टेनिस खेळे, मुठी मारी, बागेतून धावे. पाटावर उभं राहिलं की वजन कळे, आणि वर शरीराचं वयही. एकोणतीस वर्षांच्या यज्ञेशला पहिल्या दिवशी पाटाने सांगितलं, चौऱ्याण्णव किलो, वय त्रेपन्न.

"यंत्र हुशार दिसतंय," हरिहर म्हणाले.

हा सगळा खटाटोप होता तो शिमग्यासाठी. ग्रामदेवतेच्या पालखीचा पुढचा डावा खांदा हरिहरांच्या घराचा. ढोल वाजू लागला की चौघांनी पालखी खांद्यावर नुसती धरून चालत नाही, नाचवावी लागते. गुडघ्यात वाकायचं, गरकन फिरायचं, आणि आतली देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, तसूभर ढळू द्यायची नाहीत. हरिहरांनी एकतीस वर्षं नाचवली. गेल्या शिमग्यानंतर डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांकडे बघून साफ नाही म्हटलं. आता घरातून खांदा मिळाला नाही, तर मान चुलत घराकडे, म्हणजे पुतण्या गंगारामकडे जाणार होता. इतकी वर्षं मागच्या दांड्याला उभा राहणारा गंगाराम आपल्या जागेवर येणार, या विचाराने हरिहरांचा घास अडकायचा.

"अरे, बागेत ये सकाळचा. कलमांना कळशीने पाणी घाल. पंधरा दिवसांत उतरशील," त्यांनी मुलाला सांगून पाहिलं.

"बाबा, ती जुनी पद्धत झाली. याच्यात कॅलरी मोजतात."

आठ दिवस तो खरोखर नाचला. बनियन पिळून वाळत घालावं लागे. नवव्या दिवशी त्याला शोध लागला की बाहुल्याला माणसाच्या पायांशी काही देणंघेणं नाही. मनगट झटकलं तरी चेंडू तितक्याच जोरात जातो. धावायच्या खेळात रिमोट खिशात ठेवून जागच्या जागी पळायचं असतं, पण हा सोफ्यावर बसून डाव्या हाताने तो खुळखुळ्यासारखा हलवी आणि उजव्या हाताने खारी चहात बुडवी. पडद्यावरचा बाहुला बिचारा तळ्याभोवती तीन फेऱ्या मारी. मग यंत्रातून टाळ्या वाजत. त्याची आई आनंदीबाईही वाजवत. "दमलास हो," म्हणत त्या लेकापुढे दडपे पोहे ठेवत.

पुढे दुसरा शोध लागला. सतरंजीची दुहेरी घडी घालून तिच्यावर पाट ठेवला की वजन अडीच किलो कमी दिसतं. मग यज्ञेश पाट जमिनीवर ठेवीनासाच झाला. फेब्रुवारी संपता संपता त्याच्या शरीराचं वय एकतीसवर आलं. पोट मात्र पट्ट्याच्या शेवटच्या भोकाला टेकलं होतं.

"अगो, बैलाने अंग चोरलं तर मालक पराणी टोचतो," हरिहर बायकोला म्हणाले. "याला टाळ्या मिळतात! अंग उतरवायला सांगितलं, तर हा अंग चोरायला शिकला. अंगचोर मेला!"

 आनंदीबाईंना मुलाची कीव येत होती, नवऱ्याचा कंटाळा आला होता.

पालखी त्यांच्या अंगणात आली ती दुपारी चारला. यज्ञेश पांढरा सदरा घालून पुढच्या डाव्या खांद्याला उभा राहिला. हरिहर खुर्चीच्या कडेवर टेकले होते. हा आता पडणार, देवीसकट पडणार, आणि गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत बसणार, याची त्यांना खात्री होती. ढोल वाजला. पालखी उठली, वाकली, फिरली. तिरकी झाली नाही. दहा मिनिटं झाली तरी यज्ञेश हसत होता. शेवटी आरोळी उठली, लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, आणि हरिहरांना भरून आलं. आपण पोराला उगाच घालूनपाडून बोललो असं वाटून त्यांनी मनातल्या मनात त्या यंत्रालाही माफ करून टाकलं.

खांदे बदलून पालखी पुढच्या घरी गेली. आनंदीबाईंनी तेल कोमट करून आणलं आणि यज्ञेशने सदरा काढला. पालखी नाचवणाऱ्याच्या खांद्यावर दांड्याचा लालभडक वळ उठतो, कधी कातडं सोलतं. यज्ञेशचा खांदा गोरापान, गुळगुळीत होता.

"दुखत नाही काय रे?" हरिहरांनी विचारलं.

"छे! युक्ती कळली की काही नाही. आपण दोन बोटं खाली राहायचं. दांड्याला नुसतं चिकटायचं आणि बाकीच्यांबरोबर वाकायचं. टायमिंग सांभाळलं की झालं."

"म्हणजे देवीच्या खाली पण सतरंजी घातलीस!" हरिहर ओरडले. त्यांना त्या क्षणी मुलाची किळस आली. यज्ञेशला मात्र बाबा कशाला चिडले तेच कळेना. पालखी पडली तर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिहर काठी टेकत गंगारामच्या घरी गेले. तो पडवीत बसला होता. दोन्ही खांद्यांवर आंबेहळदीचा लेप होता.

"गंगाराम, पुढच्या वर्षापासून पुढचा खांदा तुझा," हरिहर बसायच्या आधीच म्हणाले. "माझ्या घरात अंगचोर निपजला. काल चौघांचं वजन तुम्ही तिघांनी ओढलंत. मला कळलंय सगळं. मी असा कधी वागलो नाही, म्हणून मीच सांगायला आलो."

"जाऊ द्या ओ काका. मनाला नका लावून घेऊ. आमाला सवय हाय."

"सवय कसली? तो तर काल पहिल्यांदा उभा राहिला."

गंगारामने घरात बघितलं, मग अंगणात बघितलं. बोलून बसलो असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"काका, राग नका धरू. गेली सा वर्सं तुमचा खांदा पण टेकत नव्हता दांड्याला. मानाच्या माणसाला बोलणार कोण? आमी घेत होतो आपले वाटून."

हरिहर तसेच उभे राहिले. खोटं बोलतोस म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि आधी नीट आठवून पाहिलं. त्या सहा शिमग्यांत गुडघे किती दुखले, ते त्यांना एकेका वर्षाचं सांगता आलं असतं. खांदा दुखल्याचं एकही वर्ष आठवेना.