दर फेरीत थोडं जास्त

“आई, त्या बाटलीत ताई आहे का?”

मैत्रिणींनी पैजच लावली होती. “विचारून दाखव, तुझ्यात दम नाही,” असं आमच्यातली सगळ्यात बडबडी म्हणाली होती. मागच्या वर्षीची मी असते तर खरंच दम नसता. पण आता मी वक्तृत्वाची ढाल घरी आणलीय, कुणालाही काहीही विचारू शकते.

आई प्रयोगशाळेचं कुलूप काढत होती. मागे न वळताच म्हणाली, “ताई नाही गं. ताईचा श्वास.”

आईचं काम म्हणजे कार्बन डायऑक्साइडला हायड्रोजन जोडून फॉर्मिक ॲसिड करायचं. मुंगी चावल्यावर झोंबतं ना, तेच ते. उत्प्रेरकावरून उलटं नेलं की ॲसिड फुटतं आणि दोन्ही वायू परत मिळतात. लग्न जुळवायचं, मोडायचं आणि स्वतः नामानिराळं राहायचं, असा हा उत्प्रेरक.

ताई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने मला हसवायला एक फुगा फुगवला होता. आईने त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून त्याचं ॲसिड केलं. तेव्हापासून दर रविवारी आईबाबा इथे येतात, त्या ॲसिडचा वायू करून फुग्यात भरतात, घटकाभर जवळ घेऊन बसतात आणि परत त्याचं ॲसिड करून बाटलीत ठेवतात. आज मी हट्टाने सोबत आले होते.

आईने झडप उघडली. फुगा भरत गेला. तिने गाठ मारून तो बाबांच्या मांडीवर ठेवला.

“मागच्या रविवारपेक्षा अंगाने भरलीय बघ,” बाबा कौतुकाने म्हणाले.

मी फुग्याकडे बोट दाखवलं. “आई, तूच तुझ्या विद्यार्थ्यांना सांगतेस ना, दर फेरीत थोडं कमीच व्हायला हवं, वाढलं तर आधी गळती शोधा?”

“ते कामाचं. हे घरचं आहे,” आई म्हणाली. एवढं बोलायलाही तिला धाप लागली. हल्ली जिना चढतानाही लागते. बाबांनाही.

आणि मग मला दिसलं. गाठ पक्की असूनही फुगा हलकेच फुगत होता, बसत होता. तो फुगला की बाबांची छाती आत जायची. आईचीही. दोघं डोळे मिटून हसत होते. थोड्या वेळाने माझाही श्वास त्याच तालात ओढला जायला लागला, आणि दर वेळी परत येताना थोडा कमी येत होता.

ताई माझा खाऊ पळवायची, माझे कपडे न विचारता घालायची. पण हे तिने केलं नसतं. हे जे काही होतं, ते ताई नव्हतं.

मी फुगा उचलला. तो कोमट होता.

“ठेव तो,” बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक.

“नाही ठेवणार. आईबाबा, हे पुन्हा बाटलीत जाणार नाही. मी गाठ सोडतेय. रागवायचं असेल तर रागवा, पण त्याआधी दोघांनी खिडकीपाशी जाऊन नीट श्वास घ्या.”